सरनोबतांचा दवाखाना

दिलीप सरनोबत या माणसाबद्दल चांगलं लिहायचं झालं तर त्यांच्या इस्त्रीबद्दल लिहावं लागेल. एवढी कडक इस्त्री मी दुसऱ्या कुणाच्या अंगावर पाहिली नाही. आमचं ऑफिस कोल्हापूरच्या उद्यमनगरात. खाली लेथचं वर्कशॉप, दिवसभर लोखंड सोलल्याचा आवाज, जिन्याच्या कठड्याला काळं तेल. त्या जिन्यानं हा माणूस रोज सकाळी साडेनऊला पांढरा शर्ट घालून वर यायचा आणि एक डाग लागलेला नसायचा. बाकी चांगलं काही मला आठवत नाही, आणि मी आठवायचा फार प्रयत्नही केलेला नाही.

आमची कंपनी काय करायची ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाचं अडायला नको. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात आठ-दहा लहान कॉम्प्युटर चालवता येतात. त्यांना स्वतःचा डबा नसतो, पण काम खरं करतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आणि ज्याच्या पोटात ती चालतात त्याला सर्व्हर. आता सर्व्हर जुना झाला की आतलं मशीन नव्या सर्व्हरवर न्यावं लागतं. बंद करून न्यायचं तर त्यात काही विशेष नाही. पण ते चालू असताना, त्यावर काम करणाऱ्याला पत्ता न लागू देता न्यायचं, याला लाइव्ह मायग्रेशन म्हणतात. हे करून देणारं सॉफ्टवेअर आम्ही विकायचो. बँका, दवाखाने, कारखाने, जो घेईल त्याला. ते सॉफ्टवेअर बरोबर चालतंय का, हे माणसानं बसून न बघता आपोआप तपासणाऱ्या टेस्ट लिहायचं काम आमच्या खात्याचं. खात्यात मी आणि आणखी तिघं, आणि आमच्या डोक्यावर सरनोबत.

मूळचे ते आमच्याच जिल्ह्यातल्या मलकापूरचे. हे मला त्यांच्याकडून नाही, त्यांच्या बायकोकडून कळलं. ते स्वतः ‘आम्ही तिकडचे’ एवढंच म्हणायचे आणि हात खिडकीबाहेर कुठंतरी फिरवायचे. पंधरा वर्षं पुण्यात नोकरी करून परत आले होते आणि त्या पंधरा वर्षांचं लोणचं घालून ठेवलं होतं. रोज थोडं वाढायचे. चहा पातळ झाला तर पुण्यात कसा असायचा, लाईट गेली तर पुण्यात काय व्हायचं. त्यांच्या तोंडात ‘हाय’ आणि ‘न्हाय’ कधी यायचं नाही. मी कागलची. माझ्या तोंडात दुसरं काही यायचं नाही. मी बोलले की त्यांच्या कपाळावर एक आठी पडायची, इस्त्री केलेल्या माणसाला ती एवढीच काय ती आठी.

आल्या आल्या त्यांनी पहिलं काम केलं ते भिंतीवर एक भलामोठा स्क्रीन लावण्याचं. आमच्या सगळ्या टेस्ट त्यावर ठिपक्यांसारख्या दिसायच्या. पास झाली तर हिरवा ठिपका, नापास झाली तर लाल. कल्पना चांगली होती, नाही म्हणत नाही. फक्त आम्हाला वाटलं की स्क्रीन दोष शोधायला लावलाय. तो लावला होता मालकांसाठी. आमचे मालक आधी कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचे, माणूस सज्जन, पण सॉफ्टवेअरमधलं त्यांना रंगापलीकडं काही कळायचं नाही. ते दारातनं आत डोकावायचे, हिरवं दिसलं की समाधानानं मान हलवायचे आणि जायचे. सरनोबतांनी हे पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. त्या बाबतीत माणूस हुशार.

रोज सकाळी बॅग ठेवायच्या आधी ते स्क्रीनसमोर हात मागं बांधून उभे राहायचे. लाल ठिपका दिसला की चेहरा असा व्हायचा जसं कुणी त्यांच्या शर्टावर पान थुंकलंय. ‘नापास’ हा शब्द ते वापरायचे नाहीत. ‘फेल’ही नाही. ते म्हणायचे, "हिला बरं नाही."

टेस्टला बरं नाही, सॉफ्टवेअरला नव्हे. हे नीट लक्षात घ्या. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात टेस्ट नापास झाली की माणसं सॉफ्टवेअर उघडून बसतात. आमच्याकडं टेस्टची नाडी बघायचे. पहिला उपाय म्हणजे तीच टेस्ट पुन्हा चालवायची. तीनदा. तिन्हीतनं एकदा जरी पास झाली तरी हिरवी. माझ्या चुलतभावानं दहावी तिसऱ्या फटक्यात काढली, पण तो तीनदा बसला होता हे निदान घरात सगळ्यांना माहीत होतं. आमच्या स्क्रीनवर आधीचे दोन फटके कुठंच दिसायचे नाहीत. दुसरा उपाय म्हणजे मुदत वाढवायची. एका सेकंदात मशीन पलीकडं उभं राहिलं पाहिजे असं लिहिलं असेल तर दहा करायचे, दहा पुरले नाहीत तर साठ. आणि एवढं करूनही ती ऐकत नसेल तर शेवटचा उपाय, दवाखाना.

दवाखाना म्हणजे एक यादी. त्यांनी स्वतः केलेली. तिला नाव खरंच ‘दवाखाना’ होतं. त्या यादीत टेस्ट गेली की ती रोज चालायची, पण तिचा निकाल मोजला जायचा नाही. बरी झाली की बाहेर काढू, असं सरनोबत म्हणायचे. मी तिथं चार वर्षं होते. चार वर्षांत त्या दवाखान्यातनं एकही टेस्ट बरी होऊन बाहेर आलेली मी पाहिली नाही.

आणि तिचा ठिपका कुठल्या रंगाचा, तर पोपटी. लाल नको म्हणून करडा करायचं सुचवलं होतं कुणीतरी, पण करडा उदास दिसतो म्हणाले. पोपटी लांबनं हिरव्यातच खपून जायचा. एकदा सांगलीच्या एका बँकेची माणसं बघायला आली होती, त्यातल्या एका बाईंनी जवळ जाऊन विचारलं, की हे ठिपके जरा फिकट का आहेत. मी कान टवकारले. सरनोबत डगमगले नाहीत. म्हणाले, "मॅडम, ते अजून पिकतायत." त्या बाई हसल्या, बाकीचे हसले, मालकही हसले. करार झाला. संध्याकाळी आम्हाला पेढे मिळाले.

मीही पेढा खाल्ला. खाऊन खाली चहाच्या गाड्यावर गेले आणि तिथं सगळ्यांना त्यांची नक्कल करून दाखवली. हात मागं बांधून, मान तिरकी करून, "हिला बरं नाही." लेथवरची माणसंसुद्धा हसून लोळायची. सरनोबतांची नक्कल करण्यात माझा हात कुणी धरत नव्हतं. ऑफिसात त्याच्यासाठी मी प्रसिद्ध होते, आणि ते मला आवडायचं.

ग्राहक आले की सरनोबत एक खेळ दाखवायचे. एक मशीन होतं, त्यावर नुसतं एक घड्याळ चालू. ते मशीन एका सर्व्हरवरनं दुसऱ्यावर न्यायचे आणि लोकांना सांगायचे, सेकंद काट्याकडं बघा. काटा अडखळायचा नाही. लोक माना डोलवायचे. आम्ही त्या मशीनला ‘गुणी बाळ’ म्हणायचो. गुणी असणारच, कारण त्याला काम काहीच नव्हतं. रिकाम्या मशीनला हलवायला काय लागतं? आमच्या स्क्रीनवरच्या हिरव्या टेस्टमधल्या बहुतेक सगळ्या अशाच होत्या, गुणी बाळाला इकडनं तिकडं नेणाऱ्या.

हा खेळ बघताना बरोबर प्रश्न विचारणारा माणूस मला चार वर्षांत एकच भेटला. राधानगरीच्या अलीकडं एका लहानशा दूध संघाचे कॉम्प्युटर खात्याचे प्रमुख, सर्जेराव पाटील. वय साठीला टेकलेलं, पायजमा, वर टेरिकॉटचा शर्ट, खिशात दोन पेनं. संघाच्या गेटावर टेम्पोंच्या पावत्या हातानं लिहायला म्हणून लागलेला माणूस. संघात कॉम्प्युटर आला तेव्हा कुणी हात लावेना, म्हणून ह्यांनी लावला, आणि शिकत शिकत प्रमुख झाले. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेलं. जायच्या आधी नवा सर्व्हर बसवून, सगळं त्यावर नीट हलवून जायचं, एवढी त्यांची इच्छा. संचालकांचा तसा विचार नव्हता. जुनं चाललंय ते चालू दे म्हणत होते. सर्जेरावांनी आपल्या शब्दावर त्यांना तयार केलं होतं.

काट्याकडं बघून झालं, बाकीच्यांनी माना डोलवल्या, आणि सर्जेराव म्हणाले, "घड्याळ झ्याक हाय. पण ह्या मशीनवर काम काय चालू हाय?"

सरनोबतांनी त्यांना तंत्रज्ञान समजावून सांगितलं. दहा मिनिटं. त्यात कामाबद्दल एक अक्षर नव्हतं. सर्जेराव मान खाली घालून ऐकत राहिले, आणि जाताना माझ्या टेबलापाशी थांबून त्यांनी माझा फोन नंबर घेतला.

तो प्रश्न माझ्या डोक्यातनं जाईना. दोन दिवसांनी मीच त्यांना फोन करून विचारलं, की तुमच्या मशीनवर काम कधी जास्त असतं. ते खुलले. संध्याकाळी सहा ते आठ, म्हणाले. गावोगावचे टेम्पो कॅन भरून येतात, गेटावर नमुना घेतात, दूध तपासतात, पावती निघते, मग कुठल्या नंबरच्या टाकीत ओतायचं ते कळतं. हे सगळं एका मशीनवर. त्या दोन तासांत ते एक क्षण मोकळं नसतं. दूध थंड करायच्या आधीचं, उन्हातनं आलेलं, ते थांबत नाही, नासतं, म्हणाले. मी सगळं लिहून घेतलं आणि तेवढाच भार घालणारी एक टेस्ट लिहिली. मशीनच्या आत त्यांच्या गेटासारखंच काम चालू ठेवायचं, ते चालू असताना मशीन हलवायचं, मग तीन गोष्टी बघायच्या. हलवणं ठरल्या वेळेत संपलं का, मधे काम किती थांबलं, आणि पलीकडं गेल्यावर नोंदी सगळ्या जशाच्या तशा आहेत का. त्या टेस्टचा मला अभिमान होता आणि अजून आहे.

टेस्ट नापास झाली. अकरा वेळा चालवली, अकराही वेळा. का, तेही सांगते. मशीन हलवायचं म्हणजे त्याच्या मेमरीत जे आहे ते सगळं पलीकडं लिहायचं. चालू घरातले डबे नव्या घरी नेण्यासारखं. तुम्ही साखरेचा डबा नेऊन ठेवता, तोवर जुन्या घरात कुणीतरी चहा टाकलेला. म्हणजे डब्याचा हिशेब बदलला, पुन्हा फेरी. फेऱ्या मारत मारत थोडंसंच उरलं की घरच्यांना क्षणभर हात जोडून थांबा म्हणायचं आणि उरलेलं एकदम उचलायचं. पण घरात पंगत बसलेली असेल तर? तुमच्या फेरीपेक्षा वाढप्यांचा हात जलद. ते घर कधीच हलत नाही. अशा वेळी काय करायचं याचा विचार आमच्या सॉफ्टवेअरनं केला होता, पण अर्धवट. ते जुन्या घरातल्या माणसांचे हात धरून ठेवायचं. म्हणजे मशीनचा वेगच कमी करायचं.

सकाळी स्क्रीनवर एक लाल ठिपका होता. सरनोबत त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग मला बोलावून म्हणाले, की मगदूम मॅडम, एवढा भार कुणाकडं असतो? मी म्हणाले, दूध संघाकडं असतो, मी विचारून लिहिलाय. ते म्हणाले, ग्राहकाला विचारून टेस्ट लिहायला लागलो तर झालंच. पुण्यात असं कधी कुणी केलं नाही. मी फेऱ्यांचं समजावलं. त्यांना ते आधीच कळत होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरनं दिसलं. अडाणी असते तर मी एवढी चिडले नसते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हिला बरं नाही. विश्रांती लागेल."

दुपारपर्यंत ठिपका पोपटी झाला होता.

मी खाली जाऊन नवी नक्कल केली. ‘विश्रांती लागेल’ हा भाग त्यात घातला. त्या दिवशी गाड्यावर एवढे हसले की चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत.

पुढं दहा-बारा दिवसांनी सर्जेरावांचा फोन आला. कागदपत्रं तयार होती, संघातर्फे सही त्यांची. म्हणाले, ताई, सही करतोय, करू न्हवं? मी म्हणाले, सरनोबत सरांना विचारा की, प्रमुख ते. तर म्हणाले, त्यास्नी इचारलंय, ते व्हय म्हणत्यात, म्हणून तुमास्नी इचारतोय. मी म्हणाले, मग झालं की. माणसाच्या नोकरीत काही गोष्टी आपल्या हातातल्या नसतात. वरच्यानं हो म्हटल्यावर खालच्यानं काय म्हणायचं?

संघाचं मशीन हलवायचा दिवस एप्रिलमधला. वेळ सरनोबतांनी ठरवली होती, संध्याकाळी सहा. मी गाडीत म्हणाले होते की सर, दुपारी करू, दुपारी गेट मोकळं असतं. ते म्हणाले, दुपारी केलं तर त्याला लाइव्ह कोण म्हणेल? संचालक बघायला बसणार होते. खुर्च्या मांडल्या होत्या. नव्या सर्व्हरला हार घातला होता, पुढ्यात नारळ फोडला, खोबरं वाटलं. सर्जेरावांनी नवा शर्ट घातला होता आणि त्याची घडी अजून मोडली नव्हती.

सरनोबतांनी बटण दाबलं. पडद्यावर आकडा चढायला लागला. पंचवीस टक्के, साठ, नव्वद. संचालकांनी टाळ्या वाजवल्या. अठ्ठ्याण्णवला आकडा थांबला.

पाच मिनिटांनी सरनोबत म्हणाले, शेवटचं जरा नाजूक असतं. वीस मिनिटांनी संचालकांनी चहा मागवला. गेटावरनं एक माणूस आला आणि सर्जेरावांच्या कानात बोलला, की पावती निघायला पाच मिनिटं लागतायत. पुढच्या वेळी आला तेव्हा दहा म्हणाला. आमचं सॉफ्टवेअर हात धरायला लागलं होतं. खिडकीतनं टेम्पोंची रांग दिसत होती, फाटकापासून रस्त्यापर्यंत. कॅन उघड्या टेम्पोत, वर ओली पोती.

सर्जेराव म्हणाले, साहेब, थांबवा. सरनोबत म्हणाले, दोनच टक्के राहिलेत. सर्जेराव बाहेर गेले. जुन्या पावतीपुस्तकांचा एक गठ्ठा कुठल्यातरी कपाटातनं काढून ते स्वतः गेटावर उभे राहिले आणि हातानं पावत्या लिहायला लागले, तीस वर्षांपूर्वी लिहायचे तशा. पण आता गावं वाढली होती आणि टेम्पोही. तासाभरानं ते परत आले, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, आणि सरळ येऊन त्यांनी सरनोबतांच्या हाताखालचा माऊस काढून घेतला. हलवणं रद्द केलं. मशीन जुन्या सर्व्हरवर जिथल्या तिथं दोन मिनिटांत मोकळं झालं आणि पावत्या धडाधड निघायला लागल्या. जे करायला तासाभरापूर्वीही दोनच मिनिटं लागली असती.

तोवर शेवटच्या टेम्पोंचं दूध नासलं होतं. कॅन आवारातल्या गटारापाशी नेऊन ओतले. टेम्पोवाले काही बोलत नव्हते, कोल्हापूरचा माणूस बोलत नाही म्हणजे काय ते समजून घ्या. सरनोबत पॅन्टचे पाय वर धरून त्या दुधातनं वाट काढत गाडीकडं गेले आणि जाताना फोनवर मालकांना सांगत होते, की आपल्या सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत, दोष तिकडचा आहे.

चार दिवसांत त्यांचा अहवाल गेला. भाषा अशी गुळगुळीत की बोट ठेवाल तिथनं घसरेल. ग्राहकाच्या मशीनवर अनपेक्षित भार होता. त्याची पूर्वकल्पना ग्राहकाच्या प्रतिनिधीनं दिली नाही. प्रक्रिया शेवटच्या टप्प्यात असताना प्रतिनिधीनं ती परस्पर बंद केली. सोबत स्क्रीनचा फोटो, सगळा हिरवा. प्रतिनिधी म्हणजे सर्जेराव. संघानं त्यांना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीच्या शेवटी.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी दवाखान्याची सगळी यादी छापून काढली. माझ्या टेस्टचे अकरा निकाल, तारखांसकट, आणि तिला यादीत टाकणाऱ्याचं नाव, तेही तारखेसकट. चौकशीच्या दिवशी संघाच्या सभागृहात मी बोलावल्याशिवाय गेले. चार संचालक बसले होते, समोर सरनोबत, बाजूला भिंतीशी एका खुर्चीत सर्जेराव. मी कागद टेबलावर ठेवले आणि साध्या भाषेत सगळं सांगितलं. डब्यांचं, पंगतीचं, पोपटी ठिपक्यांचं. भार किती हे सर्जेरावांनी स्वतः मला सांगितलं होतं, हेही सांगितलं.

अध्यक्ष म्हातारे शेतकरी. त्यांनी कागद उलटेसुलटे करून बघितले आणि सरनोबतांना विचारलं, की ही टेस्ट आम्हाला का दाखवली नाही.

मला वाटलं आता हा माणूस घाबरेल. नाही. त्यांनी खरंच नवल वाटल्यासारखं अध्यक्षांकडं बघितलं आणि म्हणाले, "साहेब, घरातलं आजारी माणूस कुणी पाहुण्यांसमोर आणून बसवतं का?"

ते चेष्टा करत नव्हते. पंधरा वर्षं पुण्यात आणि चार वर्षं इथं, या माणसाला आपलं काम हेच वाटत होतं, की आलेल्याला लाल दिसू द्यायचं नाही. मला तेव्हा त्यांचा एवढा तिटकारा आला की मी खिडकीबाहेर बघितलं.

अध्यक्षांनी कागद बाजूला ठेवले आणि सर्जेरावांना उद्यापासून कामावर या म्हणून सांगितलं. आमचा करार तिथंच संपला. सगळे उठले.

बाहेर व्हरांड्यात मी थांबले. खोटं कशाला बोलू, मला आभार हवे होते. सर्जेराव आले. माझ्या कागदांतला एक त्यांच्या हातात होता, अध्यक्षांकडनं मागून घेतलेला. त्यांनी चष्मा लावला, तो पुन्हा वाचला आणि वरच्या तारखेवर अंगठा ठेवला. मग माझ्याकडं बघून विचारलं, "ताई, मी तुमास्नी फोन केलता, तवा हे झालं हुतं?"

ते सगळ्यांना सांगितलं होतं मी, चहावाल्याला, लेथवाल्यांना, हसवून हसवून. फक्त ज्यानं फोन करून विचारलं त्याला सांगितलं नव्हतं.

सरनोबत पायऱ्या उतरता उतरता थांबले होते. गाडीची किल्ली हातात, शर्ट कडक. त्यांनी ऐकलं होतं.

"व्हय," ते म्हणाले. "दोघास्नीबी म्हाईत हुतं."

रागानं म्हणाले नाहीत. माझा सूड घेतला असंही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. एवढं म्हणून ते पायऱ्या उतरले, गाडीत बसले आणि काच वर करून गेले. नंतर मी त्या ऑफिसात पाऊल ठेवलं नाही, त्यामुळं ते मला शेवटचे दिसले ते तेव्हाच. सर्जेरावांनी कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि गेटाकडं चालायला लागले.

सरनोबतांच्या तोंडून चार वर्षांत मी ऐकलेलं ते एकच वाक्य, ज्यात मला आजवर चूक काढता आलेली नाही.